दिसते, पण घावत नाही

बारामतीची एमआयडीसी म्हटली म्हणजे ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्या डोळ्यांपुढे पियाजिओच्या तीनचाकी गाड्या, दुधाची भुकटी, चॉकलेट, तयार कपडे आणि घडीव पोलाद एवढेच उभे राहते. आणि ते यथार्थही आहे, कारण भिगवण रस्त्याने कटफळच्या अंगाला जाताना पत्र्याच्या ज्या विस्तीर्ण छपरांची रांग लागते तिच्याखाली बहुतांशी हाच माल निपजतो. परंतु ज्याला वजन नाही, वास नाही, जो ट्रकमध्ये भरता येत नाही आणि ज्याच्यावर कोणत्याही नाक्यावरच्या कारकुनाने कधी खडूने खूण केली नसती, असा माल तयार करणारी काही मंडळीही या वसाहतीत एखाद्या गाळ्याच्या माडीवर बसलेली असतात, आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला तरी ती उठत नाहीत, कारण त्यांच्या मालातील दोष भोंग्याच्या आत सापडेलच असा काही करार नसतो. मी त्या मंडळींपैकी एक आहे.

आमचा माल म्हणजे धंद्यात ज्याला एसडीके किंवा नुसते टूलकिट म्हणतात तो. दूध संकलन केंद्राचा हिशेब, उसाच्या वजनकाट्याची नोंद, माती-पाण्याच्या तपासणीचे तक्ते असले अंतिम प्रोग्रॅम आम्ही लिहीत नाही. ते दुसरे लिहितात, आणि फाईल उघडणे, यादी वाचणे, नोंद जपून ठेवणे ही जी कामे प्रत्येकच प्रोग्रॅमला करावी लागतात त्यांचे तयार तुकडे आम्ही त्यांच्या हवाली करतो. या व्यवहाराचा एक विचित्र परिणाम असा, की आमच्या हातून राहिलेला दोष आमच्या घरी कधी प्रकट होत नाही. तो इंदापूर तालुक्यातील एखाद्या केंद्रावर, पहाटे, दुधाची किटली काट्यावर असताना प्रकट होतो, आणि तेथील माणूस ज्याला शिव्या घालतो त्याला आमचे नावही ठाऊक नसते.

या तक्रारी दोन जातींच्या असतात असे आरंभी मला वाटत असे. एक पाथची, म्हणजे फाईलपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची, दुसरी मेमरीची. पहिल्या जातीच्या तक्रारीत वस्तू असते पण वाट नसते. दुसरीत वाट असते पण वस्तू नसते, किंवा वाटेच्या टोकाला भलतीच वस्तू असते. पुढे पुष्कळ तक्रारी डोळ्यांखालून गेल्यावर माझी अशी खात्री झाली की व्याधी एकच आहे: कागदावरील पत्ता म्हणजेच प्रत्यक्ष कब्जा, असे समजून चालण्याची. आणि ही व्याधी संगणकाने आणलेली नाही. ती या भीमा-नीरेच्या दुआबात फार जुनी आहे. तिच्या चिकित्सेचा एक मोठा प्रयोग या संगणकाच्या जन्माआधी शंभरहून अधिक वर्षे याच इंदापूर तालुक्यात झालेला आहे. परंतु त्याकडे मी मागाहून येतो.

वाटेची गोष्ट आधी. बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली तेव्हा एका फोल्डरातून दुसऱ्यात उतरण्याची खूण म्हणून उजवीकडे कललेली तिरकी रेघ घेतली. १९८१ सालच्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, त्यामुळे अशा खुणेची गरजही नव्हती, आणि ती रेघ आज्ञेसोबतचे पर्याय सांगण्याच्या कामी लागून गेली. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा जागा आधीच भरलेली असल्यामुळे उलट्या बाजूला कललेली रेघ वापरावी लागली. या एका प्रशासकीय सोयीपायी गेली चाळीस वर्षे जगभरचे प्रोग्रॅमर दोन रेघांत घोटाळे करीत आले आहेत. त्यात विंडोजला लहान-मोठी रोमन अक्षरे सामान्यतः एकच वाटतात, लिनक्सला ती भिन्न वाटतात; म्हणून कार्यालयातील विंडोजवर निमूटपणे चाललेला प्रोग्रॅम केंद्रावरच्या लिनक्सच्या लहानशा यंत्रावर जाताच आंधळा होतो. याहूनही अधिक फसवा तो सापेक्ष पाथ, जो ‘येथून पुढे’ असे सांगतो आणि ‘येथे’ म्हणजे कोठे हे सांगत नाही. प्रोग्रॅम हाताने सुरू केला तर ‘येथे’ एक असते आणि यंत्र चालू होताच तो आपोआप सुरू झाला तर दुसरेच असते. या दोषांना मी क्षुल्लक म्हणणार नाही, परंतु ते प्रामाणिक आहेत. लक्षपूर्वक पाहिले की ते दिसतात.

जो दिसत नाही असा दोष आमच्याकडील एका तरुण सहकाऱ्याने प्रथम मांडला तो या शब्दांत: “सर, फाईल डोळ्याला दिसतीय, पण प्रोग्रॅमला घावत नाही.” संकलन केंद्राच्या यंत्रावर ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाचा फोल्डर होता. प्रोग्रॅमही ‘शेतकऱ्यांची यादी’ याच नावाचा फोल्डर मागत होता. पडद्यावर दोन्ही नावे एकाखाली एक मांडून पाहिली तर केसभर फरक नव्हता; काना, मात्रा, अनुस्वार सर्व जागच्या जागी; आणि तरीही उत्तर एकच येत होते, की असा फोल्डर अस्तित्वात नाही. गाळ्यातल्या वडीलधाऱ्या कारकुनांनी सुचवल्याप्रमाणे यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा विधीही यथासांग पार पडला.

अशा वेळी नाव वाचणे सोडून द्यावे लागते. अक्षरांच्या खाली यंत्राने जे अंक ठेवलेले असतात, म्हणजे ज्यांना बाइट म्हणतात, ते उघडे करून पाहिले तेव्हा भेद सापडला, आणि तो बरोबर त्या एका ठिकाणी होता जेथे मराठी लेखणी हिंदीपासून वेगळी होते: ‘ऱ्य’ मधल्या डोळ्याच्या पापणीसारख्या आडव्या ‘र’वर. युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे, आणि यूटीएफ-आठ या लेखनपद्धतीत ते ई० ए४ बी१ असे तीन बाइट होतात. पण हेच अक्षर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते, आणि युनिकोडच्या नियमाप्रमाणे ही दोन लेखने सर्वस्वी समान मानावयाची असतात. तेव्हा बाइट होतात ई० ए४ बी० आणि ई० ए४ बीसी, म्हणजे तीनाऐवजी सहा. त्याखेरीज एक तिसरी रीतही आहे: ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी एवढ्याचसाठी ती नियमात जपून ठेवलेली आहे. डोळ्याला तिन्ही एकच. यंत्राला तिन्ही वेगळी.

तो फोल्डर कोठून आला याचा माग काढला तेव्हा असे निष्पन्न झाले, की यादी मुळात एका छपाईच्या कार्यालयातील जुन्या मॅकवर तयार झाली होती. मॅकची त्या काळची फाईल-व्यवस्था, जिला एचएफएस प्लस म्हणत, ती प्रत्येक नाव साठवण्यापूर्वी त्यातील जोड फोडून ठेवीत असे. म्हणजे संपादकाने सरळ ‘ऱ’ टंकला तरी व्यवस्थेने तो मुकाट्याने ‘र’ आणि नुक्ता असा करून ठेवला. पेनड्राइव्हवरून ती यादी लिनक्सच्या यंत्रावर उतरली. लिनक्स नावाचा अर्थ विचारात घेत नाही, बाइट ताडून पाहतो. त्यात कोणाचीही लबाडी नव्हती. मॅक, लिनक्स आणि प्रोग्रॅम या तिन्ही खात्यांनी आपापला कायदा बिनचूक पाळला होता, आणि तेवढ्यामुळेच शेतकऱ्यांची यादी हरवली होती. ‘शेतकरी यादी’ असे नाव दिले असते तर ती हरवली नसती. एकवचनात जो सुखरूप राहतो तो अनेकवचनी षष्ठीत शिरताच बेपत्ता व्हावा, हे या लिपीतील एक खास मराठी दैव म्हणावयाचे.

येथे बारामतीकर म्हणून एक अवांतर गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहून मोरोपंतांनी अठराव्या शतकात अक्षरांचा जो हिशेब केला तसा क्वचितच कोणी केला असेल. आर्येचा पहिला चरण १२ मात्रांचा, दुसरा १८ मात्रांचा, ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन, आणि हौसच झाली तर ओष्ठ्य वर्णांना सबंध रामायणात पाय ठेवू न देणारे निरोष्ठ रामायण. पंतांना अक्षराची लांबी कानाने कळत असे. यंत्राची मात्रागणना अगदी निराळी आहे: त्याच्या लेखी ऱ्हस्व-दीर्घ नाही, देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, मग ते भरदार ‘क्ष’मधले ‘क’ असो, की माथ्यावरचा ठिपक्याएवढा अनुस्वार असो, की ज्याला उच्चारच नाही असा हलन्त असो. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द बोलताना पाच अक्षरांचा, युनिकोडच्या मोजणीने ११ चिन्हांचा, आणि साठवणीत ३३ बाइटांचा. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रमाणित केलेल्या इस्की संकेतात हेच प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसत असे.

आणि येथेच वाटेचा दोष मेमरीच्या दोषात उतरतो. विंडोजमध्ये संपूर्ण पाथाची परंपरागत मर्यादा २६० चिन्हांची आहे. सी भाषेत लिहिणाऱ्या कोणा पूर्वसूरीने, ज्याच्या सर्व फाईलींची नावे रोमन होती, आपल्या कोडमध्ये पाथासाठी बरोबर २६० बाइटांची जागा राखून ठेवली, आणि रोमनमध्ये एक चिन्ह म्हणजे एक बाइट असल्यामुळे ती जागा त्याला आयुष्यभर पुरली. आता जिल्हा, तालुका, गाव, केंद्र आणि पंधरवडा अशी फोल्डरांची मराठी उतरंड घेतली, तर नव्वदावे देवनागरी चिन्ह लिहिताना आपण २७० बाइटांवर पोहोचतो. विंडोजच्या दृष्टीने हा पाथ आखूड व कायदेशीर आहे. पण सी भाषा राखलेल्या जागेची हद्द स्वतः सांभाळीत नाही, आणि तिच्यातील साधे नक्कल करणारे कार्य शेवटचा शून्य दिसेपर्यंत लिहीत जाते. उरलेले बाइट शेजारच्या नोंदीवर सांडतात. १९८८ च्या नोव्हेंबरात तरुण इंटरनेटला ज्या मॉरिस किड्याने पांगळे केले त्याने एका वाटेने प्रवेश मिळवला तो अशाच ५१२ बाइटांच्या जागेत अधिक मजकूर ओतून. तेथे तो हेतुपुरस्सर होता, येथे गावाचे नाव लांब आहे एवढाच गुन्हा.

या दोषाची खरी कुटिलता अशी की ज्या क्षणी अतिक्रमण होते त्या क्षणी काहीच घडत नाही. प्रोग्रॅम चालत राहतो, वजन उतरवून घेतो, पावती देतो, आणि तासाभराने, सर्वस्वी असंबद्ध ठिकाणी, ती बिघडलेली शेजारची जागा परत करण्याची वेळ येताच कोसळतो. पंचनामा जेथे प्रेत पडले तेथे होतो, अपराध दुसऱ्याच गावात झालेला असतो. म्हणून मेमरीच्या दोषावर नुसता क्रॅशचा अहवाल वाचून जे दुरुस्ती सुचवतात त्यांच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही.

आता इंदापूर. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्याच्या सारा-आकारणीचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हेलिबरीच्या विद्यालयातून नवे अर्थशास्त्र शिकून आला होता. रिकार्डोचा खंडसिद्धान्त त्याला मुखोद्गत होता, आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावा असे त्याचे सूत्र होते. सूत्रात दोष काढणे कठीण होते. मोजणी मात्र सदोष झाली, खालच्या अंमलदारांनी लाच घेऊन व धाकदपटशा दाखवून वाटेल तसे आकडे भरले, आणि त्या आकड्यांवर सिद्धान्ताची टोलेजंग इमारत उभी राहिल्यामुळे इंदापूर तालुक्यात रयतेने जमिनी टाकून देण्यास सुरुवात केली. पडीक क्षेत्र वाढत चालले आणि दप्तरात मात्र आकार चढलेलाच राहिला. मग गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर यांना तेथे पाठवण्यात आले. त्यांनी सिद्धान्त बाजूला ठेवला. शंकू आणि साखळी घेऊन माणसे शिवारात उतरवली, शेताशेताच्या हद्दीवर मातीच्या व दगडाच्या खुणा घातल्या, जमिनीचा पोत व खोली हाताने पाहून तिचे नऊ प्रतींत वर्गीकरण केले, आकार उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. १८३६ साली इंदापुरात सुरू झालेली ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. सरकारची दयाबुद्धी त्यात किती होती याविषयी मी साशंक आहे. परंतु चूक शोधण्याची रीत म्हणून पाहिले तर त्यांनी कागदावरचे आकडे दुरुस्त करण्याचे नाकारून प्रथम जमीन मोजली, आणि याच्याइतका शास्त्रशुद्ध आरंभ आमच्या व्यवसायातील पुष्कळ नामांकित मंडळींनाही सुचत नाही.

आमच्याकडे साखळीच्या जागी दोन साधने आहेत. एक व्हॅलग्राइंड, जे ज्युलियन सीवर्ड याने तयार केले आणि २००२ पासून सर्वांच्या हाती आहे. ते प्रोग्रॅमच्या प्रत्येक पावलावर देखरेख ठेवते आणि त्यापायी प्रोग्रॅम दहा-वीस पट, कधी त्याहूनही अधिक, मंद होतो. दुसरे गूगलच्या मंडळींचे ॲड्रेस सॅनिटायझर, ज्यावरील त्यांचा प्रबंध २०१२ चा. त्याची युक्ती मला विशेष आवडते: मेमरीतील प्रत्येक राखीव तुकड्याच्या दोन्ही अंगांना ते विषारी पट्टा सोडते, आणि त्या पट्ट्यावर कोणी एक बाइट जरी ठेवला तरी जागच्या जागी प्रोग्रॅम थांबवून, कोणत्या ओळीने, किती बाइटांनी अतिक्रमण केले याचा जबाब लिहून देते. हा बांधच होय, आणि आमच्या भागात बांध कोरणाऱ्यावरून किती फौजदाऱ्या झाल्या आहेत हे ज्याला माहीत आहे त्याला या साधनाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. त्याची एक उणीवही बांधासारखीच आहे: एकाच गटातील पोटहिश्श्यांमध्ये बांध घातलेला नसतो, तसा एकाच रचनेतील दोन शेजारी रकान्यांमध्ये हा पट्टा नसतो, तेथे एक भाऊ दुसऱ्याच्या वाट्यात शिरला तर सॅनिटायझर मूक राहते. आमचा २६० बाइटांचा प्रमाद नेमका असल्या एका रचनेच्या पोटात दडला होता, त्यामुळे ती रचना फोडून पाथाला स्वतंत्र खाते दिल्यावरच तो पकडला गेला.

सोडून दिलेल्या जमिनीवर पूर्वीची वहिवाट चालू ठेवण्याचा प्रकारही मेमरीत आहे. जागा व्यवस्थेकडे परत केलेली असते, पण कोडच्या एखाद्या कोपऱ्यात तिचा पत्ता जपून ठेवलेला असतो, आणि तो पत्ता घेऊन कोणी पुन्हा तेथे लिहावयास जातो. जोपर्यंत ती जागा दुसऱ्याला दिली गेलेली नाही तोपर्यंत सर्व आलबेल भासते, आणि ज्या दिवशी ती दिली जाते त्या दिवशी दोघांचेही पीक जाते. म्हणून सॅनिटायझर अशी परत आलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही. काही काळ अटकावात ठेवते. याच्या उलट लीक, जेथे जागेचा उपयोग संपला, पत्ताही हरवला, पण परत केल्याची नोंदच कोणी केली नाही. मृत खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर वारसांच्या आळसामुळे वर्षानुवर्षे राहावे तसे ते राहते. दूध केंद्राचे यंत्र आठवड्यातून एकदा कारण नसताना मंदावते आणि बंद करून चालू केले की पुन्हा तरतरीत होते, याचे कारण बहुधा हेच. बंद करणे म्हणजे सगळे दप्तर एकदम जाळून टाकणे. बारामती तालुक्यातील सुपे गावच्या लोकांनी १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या वह्या व कर्जखते बाहेर काढून जाळली तेव्हा त्यांनीही एका अर्थी हाच मार्ग पत्करला होता, अर्थात त्यांच्यापाशी त्याला सबळ कारण होते आणि यंत्रापाशी नाही.

दुरुस्ती सांगण्यास थोडी आहे. पाथासाठी ठराविक जागा राखणे सोडून दिले. किती बाइट लागतील हे प्रथम व्यवस्थेला विचारावयाचे आणि तेवढीच जागा मागावयाची. नावांच्या बाबतीत वाद अधिक झाला. तरुण मंडळींचे म्हणणे असे, की फोल्डर दिसला की त्याचे नाव एका प्रमाण रूपात बदलून टाकावे, म्हणजे कायमची कटकट मिटेल. मला ते मान्य झाले नाही. लोकांच्या कागदपत्रांवरील नावे त्यांना न विचारता शुद्ध करण्याचा अधिकार टूलकिटला कोणी दिला? आम्ही ताडून पाहताना दोन्ही नावे मनातल्या मनात एका रूपात आणतो, फोल्डर मात्र जसा ठेवला असेल तसाच राहू देतो. अदृश्य जोडकाची तिसरी रीत युनिकोडच्या समानतेच्या नियमात बसत नाही, ती आमच्या जबाबदारीवर त्यात घातली आहे, आणि ते दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

एवढ्याने सर्व प्रश्न सुटले असे नाही, कारण लिनक्सवर ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाचे, डोळ्याला अभिन्न, असे दोन फोल्डर शेजारी शेजारी कायदेशीरपणे नांदू शकतात, आणि तसे ते एका केंद्रावर नांदत असलेले आढळलेही. अशा वेळी आमचे टूलकिट निवड करीत नाही. दोन्ही फोल्डर, त्यांच्या शेवटच्या बदलाची तारीख आणि आकार यांसह पुढे ठेवते आणि थांबते. गिऱ्हाइकांची कुरकुर असते, की एवढा खर्च करून घेतलेल्या यंत्राला इतकेही ठरवता येऊ नये काय. माझे मत असे, की त्याने ते ठरवू नये. एका यादीत चालू पंधरवड्याचे दूध आहे आणि दुसरीत गेल्या वर्षीचे, आणि त्यातली कोणती खरी हे काट्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारल्यावाचून बारामतीत माडीवर बसून कोणालाही सांगता येणार नाही.